वाचक विचारतात: होर्मुझला काही झालं तर आमच्या शेगडीचं काय?

जून २०२५ मध्ये इस्रायल-इराणचं बारा दिवसांचं युद्ध झालं आणि त्यानंतर या सदराकडे आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं तेल आणि गॅसचीच आहेत, म्हणून या जुलैच्या अंकात बाकीचे विषय बाजूला ठेवलेत. मी एलपीजीच्या कामात सव्वीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी बॉटलिंग प्लांटवर, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलंय, तेवढं चालवून घ्या.

नाशिकहून एक गृहिणी: १३ जूनला टीव्हीवर इराणवर हल्ल्याची बातमी बघितली आणि घरात एक टाकी भरलेली असूनही मी लगेच गॅसचा नंबर लावला. घरचे म्हणाले उगाच घाबरतेस, इराणचा आणि आपल्या गॅसचा काय संबंध! खरंच काही संबंध नाही का?

संबंध आहे ताई, आणि अगदी सरळ आहे. टीव्हीवर सगळे क्रूडचा, म्हणजे कच्च्या तेलाचा भाव दाखवतात, पेट्रोल किती वाढणार याची चर्चा करतात, पण मला विचाराल तर देशाची सगळ्यात नाजूक जागा आपलं स्वयंपाकघर आहे, पेट्रोल पंपाचा नंबर त्याच्यानंतर लागतो.

हिशोब बघा. २०२४-२५ मध्ये देशात साधारण ३.१ कोटी टन एलपीजी लागला आणि आपल्या रिफायनऱ्या आणि गॅस प्लांट मिळून तयार झाला जेमतेम १.३ कोटी टन. म्हणजे जवळपास ६० टक्के गॅस बाहेरून येतो, आणि त्या बाहेरच्यातला दहापैकी नऊ भाग कतार, यूएई, सौदी, कुवेत या आखाती देशांतून येतो. तिथून निघालेलं जहाज आपल्याकडे यायचं म्हणजे होर्मुझची सामुद्रधुनी ओलांडावी लागते. एका बाजूला इराण, दुसऱ्या बाजूला ओमान, सगळ्यात अरुंद जागी रुंदी ३३ किलोमीटरच्या आसपास, आणि त्यातही मोठ्या जहाजांना यायला साधारण तीन किलोमीटरची एक पट्टी आणि जायला तेवढीच दुसरी. जगात रोज जेवढं तेल वापरलं जातं त्याचा पाचवा हिस्सा त्या पट्टीतून जातो.

आता गॅसचं एक मोठं जहाज डोळ्यांसमोर आणा. त्यात साधारण ४५ हजार टन माल असतो, प्रोपेन उणे ४२ डिग्रीला थंड करून पातळ केलेला आणि वेगळ्या टाकीत ब्युटेन. आपल्या १४.२ किलोच्या टाकीत मोजलं तर एका जहाजात ३१ लाखांवर टाक्या बसतात. ऐकायला केवढा मोठा आकडा वाटतो, पण देशात रोज ८५ हजार टन गॅस जळतो, म्हणजे हे जहाज देशाला पुरतं तेरा तासांच्या आत. फक्त आयातीचा भाग भरून काढायचा तरी असं एक जहाज रोज बंदरात लागायला हवं आणि वर थोडं आणखी, रविवार नाही की दिवाळी नाही.

आणि साठा? बंदरं, रिफायनऱ्या, बॉटलिंग प्लांट सगळीकडच्या टाक्या धरून पंधरा-सोळा दिवस निघतील एवढा. विशाखापट्टणमला २००७ पासून जमिनीखाली खडकात खोदलेली एलपीजीची गुहा आहे, काम खरंच उत्तम आहे, पण तिची क्षमता ६० हजार टन, म्हणजे देशाला एक दिवससुद्धा पुरणार नाही.

क्रूडला निदान मागचं दार आहे. सौदीने देशाच्या आडवी पाइपलाइन टाकून तांबड्या समुद्रावरच्या यानबूपर्यंत तेल नेलंय, यूएईने २०१२ मध्ये होर्मुझच्या बाहेर फुजैरापर्यंत लाइन टाकली. कतारच्या गॅसला असं दुसरं दार नाही. आखातातून मुंबईला जहाज चार-पाच दिवसांत येतं, अमेरिकेतून मागवलं तर महिना जातो, आणि पंधरा दिवसांच्या साठ्यावर बसून महिन्याने येणाऱ्या जहाजाची वाट बघायची म्हणजे काय ते तुम्हीच समजा, घर चालवणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

मी हे अगदी जवळून बघितलंय, आणि तेही युद्ध नसताना. एका पावसाळ्यात घाटात दरड पडली, गॅस घेऊन येणारे बुलेट टँकर दोन दिवस खालीच अडकले. आमच्या प्लांटवरच्या टाकीचा गेज दर तासाला बघायचो, काटा उतरतोय, भरण्याचं फिरतं चक्र पूर्ण वेगाने चालवायचं की एकच शिफ्ट यावर मॅनेजरांशी वाद, गेटबाहेर रिकाम्या टाक्या भरलेल्या ट्रकांची रांग, आणि फोनवर एक वितरक रडकुंडीला येऊन सांगतोय की साहेब माझ्याकडे हॉस्पिटलचं किचन आहे, त्यांना तरी द्या. दोन दिवस! एक घाट! त्या रात्रीपासून कोणी म्हणालं की देशात मुबलक साठा आहे तर मी पहिला प्रश्न विचारतो, कशाचा साठा आणि किती दिवसांचा.

आपण इथवर आलो कसे तेही सांगतो, कारण यात वाईट हेतू कोणाचाच नाही. २०१४ ला देशात साडेचौदा कोटींच्या आसपास गॅस कनेक्शन होती, आज तेहतीस कोटींच्या घरात आहेत, उज्ज्वलातूनच दहा कोटींवर झाली. माझी आई बत्तीस वर्षं चुलीपुढे बसली, ओली लाकडं फुंकून फुंकून तिचे डोळे कायम लाल, शेवटी दम्याने गेली, त्यामुळे घरोघरी गॅस पोचला याचा मला जेवढा आनंद आहे तेवढा फार कमी लोकांना असेल. पण टाक्या घरोघर गेल्या त्या वेगाने साठवणूक वाढली नाही, ही माझी तक्रार आहे आणि ती मी नोकरीत असतानाही करत होतो.

आता धीराची गोष्ट. १९८० च्या दशकात इराण-इराक युद्धात आखातात शेकडो जहाजांवर हल्ले झाले तरी होर्मुझ पूर्ण बंद झाली नाही. जून २०२५ मध्ये २२ तारखेला इराणच्या संसदेने बंद करायला पाठिंबा दिला, तरीही जहाजं चालू राहिली, कारण इराणचं स्वतःचं तेल त्याच वाटेने चीनला जातं. पण वाट बंद न होताही खर्च वाढतो, जहाजाचा युद्धविमा महागतो, भाडं वाढतं, आणि सौदीची कंपनी दर महिन्याला जो एलपीजीचा भाव जाहीर करते त्यावरच आपल्या आयातीचा भाव ठरतो.

तुम्ही नंबर लावलात ते चुकलं नाही. कनेक्शनवर दोन टाक्या असतील तर एक भरलेली ठेवणं ही शहाणपणाची सवय आहे. फक्त ब्लॅकने तिसरी-चौथी घेऊ नका, ती कोणाच्या तरी ताटातली असते. आणि जमलं तर एक इंडक्शन शेगडी घरात असू द्या, कारण आपली वीज बरीचशी कोळशावर होते आणि चंद्रपूरच्या वीजकेंद्राला लागणारा कोळसा विदर्भातल्या खाणीतून येतो, त्याला होर्मुझ ओलांडावी लागत नाही.

सांगलीहून स्पर्धा परीक्षेचा एक विद्यार्थी: आमच्या नोट्समध्ये आहे की भारताकडे ७४ दिवसांचा तेलसाठा आहे. मग एवढी काळजी का?

७४ चा आकडा फोडून बघ म्हणजे कळेल. त्यातले साडेनऊ दिवस सरकारच्या भूमिगत साठ्याचे आणि बाकी साडेचौसष्ट तेल कंपन्यांच्या टाक्यांमधले. कंपन्यांचा साठा म्हणजे रोजच्या धंद्यातला चालता माल, रिफायनरीकडे निघालेलं क्रूड, डेपोत पडलेलं डिझेल, अडीअडचणीसाठी म्हणून राखून ठेवलेला नाही. खरा राखीव साठा तीन ठिकाणी आहे, विशाखापट्टणम १३.३ लाख टन, मंगळूर १५ लाख आणि उडुपीजवळ पाडूर २५ लाख, एकूण ५३.३ लाख टन. आणि ते साडेनऊ दिवस २०१९-२० च्या वापरावर मोजलेले आहेत, वापर त्यानंतर वाढलाय. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था तिच्या सदस्य देशांना निव्वळ आयातीच्या ९० दिवसांचा साठा ठेवायला सांगते, आपण तिथे सहयोगी सदस्य आहोत म्हणून आपल्यावर सक्ती नाही. परीक्षेत लिहिताना क्षमता आणि प्रत्यक्ष भरलेलं तेल यात फरक कर, टाकी मोठी असणं वेगळं आणि भरलेली असणं वेगळं.

या गुहांचा उपयोग काय ते २०२० मध्ये दिसलं. लॉकडाऊनमध्ये क्रूड कोसळलं तेव्हा एप्रिल-मेमध्ये पिंपाला सरासरी १९ डॉलरने आपण त्या भरून घेतल्या आणि सरकारी हिशोबाने ५ हजार कोटींवर रुपये वाचले. जुलै २०२१ मध्ये ओडिशात चंडीखोलला आणि पाडूरला मिळून आणखी ६५ लाख टनांची मंजुरी झाली, पण चार वर्षं उलटली तरी ती साठवण हाताशी आलेली नाही. यावर तुझ्या पिढीने प्रश्न विचारायला हवेत.

साठा नसला की काय होतं ते माझ्या पिढीने सोसलंय. २ ऑगस्ट १९९० ला इराक कुवेतमध्ये घुसला, काही आठवड्यांत क्रूडचा भाव दुपटीवर गेला, तिथे राहणाऱ्या आपल्या लाखभराहून जास्त माणसांना विमानाने परत आणावं लागलं, आखातातून येणारा पैसा आटला, आणि जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेला ४७ टन सोनं परदेशी गहाण ठेवावं लागलं. आमच्या गावात रॉकेलची रांग पहाटे चारला लागायची, माणसं डबा ठेवून वर दगड ठेवायची म्हणजे नंबर राहतो, आणि सात वाजता दुकान उघडायच्या आत दगडांवरून भांडणं. दुकानाच्या फळीवर खडूने लिहिलेलं असायचं ‘घासलेट संपले’. पेपरात सोन्याची बातमी वाचून वडील नुसते बसून राहिले होते, त्यांच्या दृष्टीने घरातलं सोनं गहाण पडणं म्हणजे अब्रूच जाणं.

पुण्याहून एक निवृत्त शिक्षक: रशियाचं तेल तीन वर्षं स्वस्तात घेतोय म्हणता, मग पेट्रोल स्वस्त का नाही? आणि हे टिकेल का?

सर, युक्रेन युद्धाआधी आपल्या क्रूड आयातीत रशियाचा वाटा २ टक्क्यांच्या आसपास होता, २०२४-२५ मध्ये तो ३५ टक्क्यांवर गेलाय. युरोपने पाठ फिरवली, रशियाने सूट दिली, आपण घेतलं, आणि मला स्वतःला तो निर्णय बरोबर वाटतो कारण मार्च २०२२ मध्ये ब्रेंट क्रूड पिंपाला १३० डॉलरच्या वर जाऊन आलं होतं आणि गरीब देशाला तेवढ्यात परवडत नाही. पंपावर मात्र मे आणि जुलै २०२२ ची करकपात आणि मार्च २०२४ मधले दोन रुपये सोडले तर भाव जुलै २०२५ पर्यंत जवळपास गोठलेलेच राहिले, महागाईच्या काळात कंपन्यांनी तोटा सोसला आणि स्वस्ताईत तो भरून काढला. ग्राहक म्हणून मला हे पटत नाही, निदान भरपाई कधी पूर्ण झाली ते लोकांना सांगायला हवं होतं.

टिकेल का याचं उत्तर इराणकडे बघून द्यावं लागतं. २०१८-१९ मध्ये आपण इराणकडून जवळपास २.४ कोटी टन क्रूड घेत होतो, भाडं-विमा सवलतीत, पैसे द्यायला मुदत. मे २०१९ मध्ये अमेरिकेने इराणवरच्या निर्बंधांतून आपल्याला दिलेली सूट काढली आणि ते शून्यावर आलं. वाटाघाट आपली, रिफायनरी आपली, आणि निर्णय वॉशिंग्टनमध्ये.

करार लेखी असला तरी तेच. गेल या आपल्या सरकारी गॅस कंपनीने २०१२ मध्ये रशियाच्या गॅझप्रॉमशी एलएनजीचा, म्हणजे थंड करून पातळ केलेल्या नैसर्गिक वायूचा, वीस वर्षांचा करार केला होता. तो गॅस पुरवणारी उपकंपनी गॅझप्रॉमच्या जर्मन कंपनीखाली होती, युद्ध सुरू झाल्यावर जर्मनीने ती ताब्यात घेतली, रशियाने उलट तिच्यावर निर्बंध लावले, आणि मे २०२२ पासून आपली जहाजं यायची थांबली. खतकारखान्यांपर्यंतच्या ग्राहकांचा गॅस कापावा लागला. आपलं त्या भांडणात काही नव्हतं. म्हणून ३५ टक्के एकाकडून घेत असताना बाकीच्या दुकानदारांशी बोलणं तोडायचं नसतं, इराक, सौदी, यूएई, अमेरिका, आफ्रिका सगळीकडे थोडी थोडी खरेदी चालू ठेवावी लागते, मग ती चार पैसे महाग का पडेना.

बोईसरहून एक वाचक: आमच्या तारापूरच्या अणुवीजेला तरी या राजकारणाचा त्रास नाही ना?

उलट तारापूर हे याचं सगळ्यात जुनं उदाहरण आहे. पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या, अमेरिकन बनावटीच्या, आणि १९६३ च्या करारात इंधनही अमेरिकाच देणार असं ठरलेलं. १९७४ ला पोखरणची चाचणी झाली, १९७८ ला अमेरिकेने स्वतःचा कायदा कडक केला आणि इंधनाचा पुरवठा अडकला. भट्ट्यांना लागणारं समृद्ध युरेनियम आपण त्या प्रमाणात बनवत नव्हतो. मग १९८० च्या दशकात फ्रान्सने दिलं, १९९५ मध्ये चीनने, २००१ मध्ये रशियाने. एका वीजकेंद्राला चार देशांचे दरवाजे ठोठवावे लागले. त्यानंतर तुमच्याच शेजारी तारापूर ३ आणि ४ झाली ती आपल्या स्वतःच्या बनावटीची, नैसर्गिक युरेनियमवर चालणारी, प्रत्येकी ५४० मेगावॅट. १९७० च्या दशकातल्या त्या अडवणुकीतून तयार झालेली जिद्द मला त्यात दिसते.

राजापूरहून एक शेतकरी: नाणार, मग बारसू. रिफायनरीला विरोध करून आम्ही देशाची ऊर्जासुरक्षा अडवली असं आम्हाला ऐकवतात. हे खरं आहे का?

मला नाही तसं वाटत. रिफायनरी जमिनीतून तेल काढत नाही, बाहेरून आलेलं क्रूड शुद्ध करते. देशाची शुद्धीकरणाची क्षमता आज वर्षाला २५ कोटी टनांच्या वर आहे आणि देशाचा स्वतःचा वापर त्याहून थोडा कमी, आपण पेट्रोल-डिझेल निर्यात करतो. कमतरता क्रूडची आहे, ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. कोकणातल्या त्या ६ कोटी टनांच्या प्रकल्पात सौदी अरामको आणि अबुधाबीची कंपनी भागीदार होणार होती, म्हणजे आखातावरचं आपलं अवलंबन त्यातून कमी झालं नसतं, फार तर पुरवठ्याची हमी थोडी पक्की झाली असती. रोजगार, महसूल, निर्यात हे मुद्दे प्रकल्पवाल्यांकडे आहेत आणि त्यावर चर्चा जरूर व्हावी, तुमच्या आंबा-काजूच्या बागा आणि कातळशिल्पं दुसऱ्या पारड्यात ठेवून व्हावी. पण देशद्रोहासारखा आरोप करून गावाचं तोंड बंद करू नये.

ऊर्जासुरक्षेचं कोकणातलं खरं अपुरं राहिलेलं काम मला विचाराल तर दाभोळचं होतं. एन्रॉनच्या त्या प्रकल्पातलं एलएनजी टर्मिनल २०१३ मध्ये सुरू झालं, पण लाटा अडवणारी भिंत पूर्ण नसल्याने पुढची कित्येक वर्षं दर पावसाळ्यात ते बंद ठेवावं लागायचं. गॅस उतरवायची जागा उभी, आणि वर्षातले चार महिने तिथे जहाज लागू शकत नाही!

कोल्हापूरहून एक उद्योजक: छतावर सोलर टाकलं, गाडी इलेक्ट्रिक घेतली. आता तरी सुटलो ना?

आखाताच्या बाबतीत बरंचसं, हो. पण सोलर पॅनलच्या साखळीत पॉलिसिलिकॉन ते मॉड्यूल प्रत्येक टप्प्यावर जगातली ८० टक्क्यांहून जास्त क्षमता चीनकडे आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये चीनने रेअर अर्थ मॅग्नेटच्या, म्हणजे दुर्मिळ धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीला परवाना लावला तसे आपल्याकडचे गाड्या बनवणारे हवालदिल झाले, कारण इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरमध्ये तेच मॅग्नेट असतात. फरक एवढाच आणि तो मोठा आहे, की गॅसचं जहाज आलं नाही तर काही आठवड्यांतच चुलीची ओढाताण सुरू होते, पॅनल आलं नाही तर नवीन बसत नाही, छतावरचं जुनं वीज देतच राहतं. म्हणून तुम्ही केलंत ते चांगलंच केलंत.

रत्नागिरीहून एक आई: मुलगा तेलाच्या टँकरवर आहे. जूनमध्ये आखातात होता. तुम्ही सगळे तेलाच्या भावाचं लिहिता, जहाजावरच्या पोरांचं कोणी लिहीत नाही.

बरोबर बोललात काकू, आणि हे पत्र वाचल्यावर मी थोडा वेळ काही लिहू शकलो नाही. जगातल्या खलाशांत साधारण दहातला एक भारतीय आहे, आणि कोकणात तर गावोगावी घरटी कोणीतरी बोटीवर असतं. १३ एप्रिल २०२४ ला होर्मुझजवळ इराणने एमएससी एरीज जहाज पकडलं त्यावर १७ भारतीय होते. त्याआधी २६ जानेवारीला एडनच्या आखातात मार्लिन लुआंडा टँकरवर क्षेपणास्त्र पडून आग लागली, त्यावर २२ भारतीय, तेव्हा आपल्या नौदलाची विशाखापट्टणम नौका मदतीला गेली आणि तिच्या जवानांनी जहाजावर चढून आग विझवायला हात लावला. ओमानच्या आखातात २०१९ पासून नौदलाची ऑपरेशन संकल्पखाली गस्त असते, हेही तुम्हाला माहीत असू द्या.

मुलाशी बोलणं झालं की त्याला दोन गोष्टी विचारा. त्याचा करार आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या (आयटीएफ) खलाशांसाठीच्या वेतनकराराखाली आहे का, आणि जहाज पुढे कुठे जाणार आहे. तांबड्या समुद्राचा दक्षिण भाग आणि एडनचं आखात अशा ठिकाणी, जिथे त्या करारात युद्धाचं क्षेत्र जाहीर झालंय, तिथे जायला खलाशी नकार देऊ शकतो, कंपनीला त्याला स्वखर्चाने घरी पाठवावं लागतं, आणि गेला तर मूळ पगाराएवढा बोनस आणि विम्याची भरपाई दुप्पट. बरीच पोरं पुढचं काँट्रॅक्ट मिळणार नाही या भीतीने बोलत नाहीत. कराराची एक प्रत त्याला मोबाइलवर पाठवायला सांगा, आणि कंपनीच्या मुंबई ऑफिसचा नंबर आणि जहाजाचा आयएमओ क्रमांक, म्हणजे त्याचा कायमचा ओळख क्रमांक, घरात भिंतीवर लिहून ठेवा, तोच सात आकडी क्रमांक डीजी शिपिंगला, म्हणजे सरकारच्या नौवहन महासंचालनालयाला फोन केल्यावर सगळ्यात आधी विचारतील.